घरात धूर न्हाय

भाद्रपद उतरणीला लागला की कल्याणप्पाच्या चुरमुऱ्याच्या भट्टीला उसंत नसे. तुळजापूरला नवरात्राची गर्दी लोटायच्या आत दुकानदारांची पोती भरून द्यावी लागत, आणि घराचं वर्षाचं निम्मं पोट त्या दिवसांवर चाले. भट्टी तामलवाडीच्या कडेला, घराच्या मागच्या अंगणातच होती. वर पत्र्याचं छप्पर, खाली मातीचं चुलाण, त्यावर लोखंडी कढई आणि कढईत काळी वाळू. वाळू नीट तापली की मीठ लावलेले तांदूळ तिच्यात टाकायचे, ते तडतडून फुलले की झाऱ्यानं उचलून चाळणीवर घ्यायचे. कल्याणप्पा कढईशी उभा असे, त्याची आई पार्वतम्मा चाळणीशी बसे, आणि विमल चुलाणाच्या तोंडाशी जळण सारी. तिच्या डाव्या हाताच्या मनगटावरचे केस कायमचे जळून गेले होते.

पूर्वी जळण म्हणजे नुसता भुसा. मग भुसा मिळेनासा झाला, आणि कल्याणप्पानं सोलापुरातून चपलांच्या कामातलं रबरी कातरण आणायला सुरुवात केली. मूठभर कातरण टाकलं की कढई धडधडून तापायची. धूर मात्र काळा, चिकट, घशात बसणारा. गेल्या साली शेजारणीच्या वाळत घातलेल्या लुगड्यांवर काजळी बसली, तेव्हा सरपंच येऊन सांगून गेले होते की लेखी तक्रार आली तर माझ्या हातात काही राहणार नाही. तेव्हापासून कातरणाच्या पोत्यांवर ताडपत्री आली. घरात त्याचं नावही कुणी घेईना. घ्यायचं झालंच तर 'ते' म्हणायचे.

ह्या घरात गिरिजा पाच वर्षांची झाली. एकुलती एक. मागच्या हिवाळ्यापासून तिच्या छातीत शिट्टी वाजायची. पळाली की दम लागायचा, हसली तरी खोकला सुटायचा. तुळजापूरच्या दवाखान्यातली औषधं झाली, पार्वतम्माचा ओवा-लसूण झाला, अंगाऱ्याची पुडी उशाखाली झाली. शेवटी विमल तिला गावातल्या उपकेंद्रात घेऊन गेली.

उपकेंद्रातल्या दीक्षा सिस्टर जवळच्याच वाडीतल्या. बोलणं मऊ, पण काम चोख. त्यांनी नळी लावून गिरिजाची छाती ऐकली, बोटाला चिमटा लावून बघितला आणि म्हणाल्या की हिला लहान मुलांच्या डॉक्टरांनी बघायला पाहिजे. विमलला वाटलं, आता सोलापूरची फेरी आली. पण सिस्टरनी टेबलावरचा कॉम्प्युटर वळवला, थोडं थांबायला लावलं, आणि पडद्यावर एक चष्मेवाली डॉक्टरीणबाई आली.

विमलनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. डॉक्टरीणबाईंनी गिरिजाचं नाव विचारलं, तिच्या बाहुलीचं विचारलं. मग विमलला म्हणाल्या की तिला मांडीवर घ्या, फ्रॉक वर करा, उजेडाकडं तोंड करा आणि काही बोलू नका. त्या नुसत्या बघत राहिल्या. बरगड्यांच्या खाली कातडी कशी आत ओढली जाते, ते त्यांना तिथून दिसत होतं. सिस्टरनी छातीचं ऐकलेलं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पंप दिला, आणि पंपाला जोडायचा एक लांबट डबा, तोंडावर बसणारा मुखवटा लावलेला. पंप दाबायचा, पोर डब्यातून श्वास घेईल, औषध थेट छातीत उतरेल.

पार्वतम्माला ते पसंत पडलं नाही. पंप एकदा लागला की मरेपर्यंत सुटत नाही, उद्या सोयरीक जुळवताना लोक काय म्हणतील, असं ती दिवसभर चाळणी हलवत पुटपुटत राहिली. विमलनं तो डबा धान्याच्या कणगीमागं ठेवला. कुणी आलं-गेलं तर दिसू नये म्हणून.

पुढचा कॉल घरून करायचा होता. पोर कुठं झोपते, कशी राहते ते बघायचंय, असं डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम सांगितलं होतं. त्या सकाळी विमलनं पुढची खोली सारवली नाही, ओल नको म्हणून. नुसती झाडून काढली. मागच्या दाराला जुनं लुगडं आडवं लावलं. तिनं कल्याणप्पाला कॉल होईस्तोवर भट्टी थांबवता येईल का, असं विचारून बघितलं. तापलेली वाळू गार केली तर दिवस जाईल, असं तो म्हणाला. ते खरंही होतं. तो दार ओढून घेऊन आला आणि फोनच्या मागं, डॉक्टरीणबाईंना दिसणार नाही असा भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्या कपाळावर घामाच्या धारांत काजळी उतरली होती.

कॉल लागला. डॉक्टरीणबाईंनी गिरिजाचा श्वास बघितला, फोन तिच्या तोंडाजवळ धरायला लावून शिट्टी ऐकायचा प्रयत्न केला. मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. घरात कुणी विडी ओढतं का, कोंबड्या आहेत का, भिंतींना ओल आहे का. विमल नाही म्हणत गेली, आणि ते खरं होतं.

"आणि धूर? घरात किंवा घराजवळ?"

विमलनं फोनवरून नजर उचलली. कल्याणप्पानं मान हलवली. अगदी थोडीशी, जणू माशी हाकलावी तशी.

"न्हाय," विमल म्हणाली. "सैपाकाला गॅस हाय."

"छान. मला इथून तिची छाती नीट ऐकता येत नाही, आई. तुम्ही जे सांगाल तेवढंच मला कळतं. म्हणून परत परत विचारते, रागावू नका."

विमल म्हणाली, रागावायचं काय त्यात. फोनच्या कोपऱ्यात तिचं स्वतःचं तोंड दिसत होतं, चौकोनातलं, लहान. तिनं फोन जरासा तिरका केला. तिथं आता नुसती भिंत आली, आणि भिंतीवरचं बसवेश्वराचं कॅलेंडर.

त्यानंतर विमलनं कुठंच कसूर केली नाही. सकाळ-संध्याकाळ पंप हलवून घ्यायचा, डबा घट्ट बसवायचा, गिरिजाच्या श्वासावर नजर ठेवायची, मग चूळ भरायला लावायची. कॉलवर डॉक्टरीणबाईंनी सगळं करून दाखवायला लावलं, तेव्हा तिनं एकही चूक केली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतकं नीट तर माझ्यासमोर बसलेल्या आयाही करत नाहीत. आणि तरीही पोरीला उतार का पडत नाही, ते त्यांना उमगेना. त्यांनी औषध वाढवलं. पुढच्या खेपेला आणखी एक गोळी जोडली. त्या गोळीनं गिरिजाची झोप उडाली, ती चिडचिडी झाली, रात्री उठून रडू लागली. रक्त तपासून घ्या म्हणाल्या. सुईसाठी गिरिजाचा हात दाबून धरताना विमलच्या मनात आलं की ही सुई खरं तर आपल्याला टोचायला पाहिजे.

तिनं कल्याणप्पाशी बोलून बघितलं. निदान 'ते' तरी बंद करा म्हणाली. तो चिडला नाही. जेवता जेवता म्हणाला, "नवरात्र हून जाऊ दे. मग बघू." त्याच्या ताटात भाकरी तशीच राहिली. तोही पोरीचा बाप होता. पंप देताना तो तिथून उठून जाई.

एके दिवशी दीक्षा सिस्टर घरी आल्या. अंगणवाडीत आयांची बैठक होती, गावात आणखी दोन पोरांना पंप सुरू झाला होता आणि त्यांच्या आया घाबरल्या होत्या. तू येऊन दाखव, म्हणाल्या. विमलनं सबब सांगितली, पोती शिवायचीत म्हणाली. सिस्टर ऐकेनात.

अंगणवाडीत बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. विमलनं गिरिजाला मांडीवर घेतलं आणि सगळं करून दाखवलं. सिस्टर म्हणाल्या, बघा, हिच्याकडून शिका, डॉक्टरसुद्धा हिचं नाव घेतात. बायांत, जिच्या लुगड्यांवर काजळी बसली होती ती शेजारीणही होती. ती नुसती विमलच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि मग तिनं पदराचं टोक नाकाला लावलं. विमलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपल्या अंगाचा, केसांचा, पोरीच्या फ्रॉकचा वास त्या खोलीभर पसरलाय असं तिला वाटू लागलं. तिनं डबा पिशवीत कोंबला आणि पाणीही न पिता घरी आली.

घटस्थापना तोंडावर आली तशी भट्टीची धग वाढली. कल्याणप्पा उभ्या उभ्या पेंगायचा. हवा पडलेली, आभाळ गच्च, धूर वर जायच्या ऐवजी पत्र्याखालीच घुटमळायचा आणि लुगड्याच्या कडेनं घरात शिरायचा. त्या दुपारी माल न्यायला टेंपो आला होता. पोती चढत होती. विमल घरात दोरी घ्यायला आली, तेव्हा गिरिजा दारामागं ओणवी बसलेली दिसली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. तिला हाक मारली तर तिनं वर बघितलं, पण बोलता येईना. "अव्वा" म्हणून आईला हाक मारायलाही श्वास पुरत नव्हता. गळ्याखाली, हाडांच्या वर, मोठा खड्डा पडत होता आणि भरत होता.

विमलनं पंप दिला. फरक पडेना. तिनं सिस्टरना फोन लावला. सिस्टर लांबच्या वाडीवर लसीकरणाला गेलेल्या. त्यांनी एकशे आठला कळवते म्हणून सांगितलं, आणि गाडी येईस्तोवर डॉक्टरीणबाईंचा कॉल जोडून दिला.

डॉक्टरीणबाईंनी बघितलं मात्र, त्यांचा आवाज बदलला. पंप कसा लागोपाठ द्यायचा ते त्यांनी सांगितलं, मध्ये किती थांबायचं ते स्वतः मोजलं. पोरीला आडवं करू नका, बसती ठेवा. ओठांचा रंग दाखवा. नखं दाखवा. विमलचे हात न चुकता काम करत होते.

"काल बरी होती ना? मग आज काय वेगळं झालं? काही फवारलं का? काही जाळलं? आई, नीट आठवा."

मागच्या दारातून कल्याणप्पा आत आला होता. हातात झारा तसाच. पार्वतम्मा त्याच्या मागं. डॉक्टरीणबाईंनी परत विचारलं. विमल उठली. एका हातानं तिनं गिरिजाला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातात फोन. ती मागच्या दाराशी गेली आणि आडवं लावलेलं लुगडं ओढून खाली पाडलं.

"इमल," कल्याणप्पा म्हणाला. "फोन खाली घे."

तिनं फोन उलटा फिरवला. चुलाण दाखवलं, कढई दाखवली, पत्र्याखाली साठलेला धूर दाखवला. ताडपत्री पायानं बाजूला सारून कातरणाचं पोतं दाखवलं. मधे कल्याणप्पा आला, तर तोही त्यात आला, काजळलेल्या तोंडाचा, बनियनवर. त्यानं कोपर वर करून तोंड झाकलं. चोर पकडल्यावर फोटोत झाकतात तसं. टेंपोवाला पोतं खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला.

"कधीपासून आहे हे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ती जलमायच्या आदीपास्नं."

विमल बोलणी खायला तयार होती. खरं तर तिला ती हवी होती. पण डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "आधी तिला घेऊन तिथून बाहेर पडा. रस्त्यावर, मोकळ्या हवेत. बाकी सगळं नंतर."

एकशे आठ गाडी दुसऱ्या गावाला गेलेली होती, यायला वेळ होता. थांबू नका, असेल त्या वाहनानं निघा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तेव्हा कल्याणप्पानं झारा टाकला. टेंपोवर चढून पुढची पोती त्यानं एकट्यानं खाली लोटली. एक पोतं फुटलं आणि चुरमुरे रस्त्यावर पांढरे सांडले. मोकळ्या झालेल्या जागेत विमल पोरीला घेऊन बसली. सोलापूर येईस्तोवर डॉक्टरीणबाईंनी कॉल तोडला नाही. रेंज जायची, त्या परत लावायच्या.

दवाखान्यात गिरिजाला प्राणवायू लावला, हाताला सुई लावली. तिथल्या डॉक्टरांना सगळं आधीच फोनवरून कळलेलं होतं. त्यांनी विमलला परत विचारलं आणि तिनं परत सांगितलं. कल्याणप्पा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. डॉक्टर पोरीची छाती ऐकायला वाकले, मग थांबले, आणि मान न वळवता म्हणाले, "तुमच्या अंगाला वास आहे. तुम्ही बाहेर थांबा."

तो बाहेर गेला. व्हरांड्यात बाकं होती, पण तिथं आणखी लेकरं घेऊन बाया बसल्या होत्या. तो बाकावर बसला नाही. थेट फाटकापर्यंत गेला आणि तिथं रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. विमलला तो खिडकीतून दिसत होता. दिवस मावळेपर्यंत तो हलला नाही.

दुसऱ्या दिवशी दीक्षा सिस्टर आल्या. गिरिजा झोपली होती, श्वास बराच संथ झाला होता. सिस्टरनी तिच्या कपाळावर हात ठेवला, कागद बघितले. मग म्हणाल्या, "मी तुला सगळ्या बायांपुढं बसवलं होतं."

विमलनं मान खाली घातली.

"आणि वास मलाही येत होता गं," सिस्टर म्हणाल्या. "घरी आले तेव्हाच आला होता. वाटलं, विचारलं तर भट्टी बंद पडेल, तुम्ही काय खाल. म्हणून मीही गप्प बसले." त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. पुसून झाल्यावरही पुसतच राहिल्या.

गिरिजाला सोडलं, तेव्हा डॉक्टरांनी तिला त्या घरी न्यायला मनाई केली. विमल तिला घेऊन अणदूरला भावाकडं गेली. शंभुलिंग तिचा थोरला भाऊ. त्याचं घर खंडोबाच्या देवळापासून जरा अंतरावर, समोर मोठं अंगण, कडेला गोठा. त्यानं काही विचारलं नाही, पण गल्लीतल्या बायांनी विचारलं. ऐन सणात पोर घेऊन माहेरी कशी, सासूशी वाजलं का, नवऱ्यानं हात उचलला का. विमलनं खरं सांगितलं, सगळ्यांना, जी विचारील तिला. पंपाचा डबा तिनं समोरच्या फळीवर ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.

तिथून कॉल चालूच राहिले. डॉक्टरीणबाईंनी ती झोप उडवणारी गोळी बंद केली, मग पंपाची मात्राही हळूहळू उतरवायची ठरवली. गिरिजा अंगणात मामाच्या वासरामागं पळू लागली. एका कॉलला विमल म्हणाली, "म्याडम, म्या तुमाला खोटं सांगितलं व्हतं." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माहीत आहे. मग म्हणाल्या की मीही आणखी विचारायला हवं होतं, औषध वाढवत बसले. आणि जाता जाता त्यांनी सांगितलं की धूर कपड्यांत, केसांत राहतो. मुलीचे वडील भेटायला येतील तेव्हा अंघोळ करून, कपडे बदलून मगच तिला जवळ घेऊ देत.

विमलनं हे कल्याणप्पाला फोनवर सांगितलं. तो त्या दिवसापासून तिच्याशी धड बोलत नव्हता. टेंपोवाल्यानं गावभर केलं होतं, आणि चावडीवर कुणी कुणी फोन समोर धरून तोंड झाकायची नक्कल करत होते. तो नुसता हूं म्हणाला. कातरणाची पोती त्यानं परत केली होती, पण भट्टी चालूच होती, भुशावर. शब्द दिलेला माल द्यायचा होता. ओढ्यापलीकडं कुणाच्या पडीक तुकड्यावर भट्टी हलवायचं त्याच्या मनात होतं. त्याचं अजून नक्की झालेलं नव्हतं.

कोजागरी होऊन तुळजापूरची गर्दी ओसरली, तेव्हा तो अणदूरला आला. एसटीतून उतरून चालत, हातात पिशवी. लग्नानंतर ह्या दारात तो आला की शंभुलिंगची बायको पाय धुवायला तांब्या घेऊन बाहेर यायची, घोंगडी अंथरली जायची, चहा व्हायचा. तशी ती तांब्या घेऊन आलीच. कल्याणप्पा अंगणाच्या कडेलाच थांबला होता. पायरीकडं आला नाही.

"वैनी," तो म्हणाला, "आदी बादलीभर पाणी द्या. आन् साबण."

ती गोंधळली. न्हाणीत चला, पाणी तापवते, म्हणाली. तो नको म्हणाला, घरातून जायला नको. तो गोठ्याकडं गेला, जनावरांच्या पाण्याच्या दगडी डोणीशेजारी उभा राहिला आणि सदरा उतरवला. शंभुलिंग ओसरीवरून उठून आत गेला, जावयाची ती अवस्था बघायला नको म्हणून. गल्लीतल्या बाया कुंपणापलीकडं थांबल्या. कल्याणप्पानं कुणाकडं बघितलं नाही. थंड पाण्यानं तो डोकं धूत राहिला, कानामागं, मानेवर, काखेत. काढलेले कपडे त्यानं पिशवीत घालून गाठ मारली आणि पिशवी लांब बाभळीला अडकवून आला. विमलनं भावाचा धुतलेला सदरा आणि लुंगी त्याच्या हातात दिली. सदरा त्याला दंडात घट्ट होत होता.

मग तो पायरीवर बसला. गिरिजा दाराआडून बघत होती. त्यानं हाक मारली नाही, नुसता हात मांडीवर ठेवला. ती हळूहळू आली, मांडीवर चढली आणि त्याच्या गळ्यात हात टाकले. तिचं नाक त्याच्या कानाशी टेकलं. त्यानं डोळे मिटले.

"अप्पा," ती म्हणाली, "वास येतुया अजून."

तिनं ते तक्रारीनं म्हटलं नव्हतं. तसंच बिलगून म्हटलं होतं. कल्याणप्पानं तिचे हात अलगद सोडवले, तिला पायरीवर बसवलं आणि उठला. अंगातला सदरा काढून त्यानं विमलजवळ दिला.

"अजून एक बादली व्हईल का?" त्यानं विचारलं.

विमलनं बादली भरून आणली. तो डोणीशी उकिडवा बसला. तिनं तांब्यानं त्याच्या डोक्यावर पाणी घातलं आणि साबण घेऊन ती स्वतःच त्याचे केस चोळू लागली. कुंपणापलीकडं बाया अजून उभ्या होत्या. गिरिजा पायरीवर बसून वाट बघत होती.